गाडीतला दिवा

गुरुवार, १४ नोव्हेंबर. वारजे.

गाडी सुरूच होईना. बटण दाबलं तर काही नाही, साधा दिवासुद्धा नाही. आणि उद्या ती बघायला गिऱ्हाईक येणार. मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, हायब्रिडची मोठी बॅटरी ठणठणीत आहे. लहान बॅटरी उतरलीय. आतला दिवा रोज कोण चालू ठेवतंय?"

कोण ठेवणार? मंदारला जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून मी त्याच्या गाडीत बसलेच नाही. आठवड्यातून एकदा वॉचमनकाका ती सुरू करून ठेवतात, तेवढंच.

वॉचमनकाका म्हणाले, "अहो, तुम्ही ऑफिसला गेलात की तुमच्या सासूबाई बसतात ना! मागच्या सीटवर. दुपारभर."

वर येऊन आईंना विचारलं. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घरात रडलं की शेजारी ऐकू जातं. मग ते तुला सांगणार."

तो दिवा. बेसमेंटमध्ये अंधार असतो, म्हणून लावत असतील.

आठ महिने मी ताईला फोनवर सांगत आले, पोटचा मुलगा गेला तरी या बाईच्या डोळ्यांत पाणी नाही. कितीदा बोलले हे. आणि मी काही हळू बोलत नाही. त्यांनी ऐकलं असेल तर?

"गाडी विकू नको, असं का नाही म्हणालात?"

"गाडी तुझी आहे."

बॅटरी बदलली. गाडी आवाज न करता सुरू झाली. दिवा मीच बंद केला.

गिऱ्हाइकाला नको म्हणणं सोपं आहे. पण आई, यापुढे घरातच रडा, माझ्यासमोर, हे कोणत्या तोंडानं सांगू?