अठरा तारखेचा पाऊस

९ नोव्हेंबर

...तर हो, पाऊस मोजायचीच नोकरी आहे, हसायचं तेवढं हसा. मी लई खूश आहे. ('लई' इथं येऊन दोन तासांत तोंडी बसलं.) लिंबागणेशच्या पुढं डोंगराच्या कडेला एक खोली आणि समोर तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक. वर नरसाळं, खाली बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं. माझ्याआधी एकतीस वर्षं हे काम त्रिंबककाकांनी केलं. त्यांनी किल्ली दिली, वही दिली आणि एकच गोष्ट सांगितली, आधी बघायचं, मग लिहायचं. पानांना नंबर आहेत, फाडायचं नाही.

खाली पाझर तलाव आहे, त्याच्या बांधाखाली वस्ती. तरणी माणसं दिवाळी झाल्यावर ऊसतोडीला गेलीत, मागं अकरा म्हातारी माणसं. त्यातल्या छबुबाई मला डबा देणार. त्यांनी विचारलं, "पाऊस मोजाया मानूस लागतंय व्हय? आमी तर भिजलो की समजतो."

१२ नोव्हेंबर

तीन दिवस शून्य. पण बंगालच्या उपसागरात वादळ तयार झालंय. नोव्हेंबरची वादळं तमिळनाडूला धडकतात, फार तर आंध्र. माझा अंदाज वेगळा आहे. हे वायव्येकडं सरकणार, थेट बीडपर्यंत. वादळवेड्यांच्या ग्रुपवर टाकलं तर एकानं विचारलं, बीडला बंदर कधी झालं बे?

उद्या संस्कृतीताईच्या लग्नाला संभाजीनगरला जायचंय, सोळाला परत. येऊन आठवडा नाही झाला तर काकांकडं रजा मागायची लाज वाटली. मग वही आजच भरून टाकली. १३, १४ शून्य. १५ ला २.४ मिलिमीटर. १६ ला १८.६. सोळाला परत यायचं होतं तरी हात थांबेना. आपला अंदाज खरा ठरला तर कसं दिसेल म्हणून १७ ला ६१.०. आणि १८ ला ३१२.०. इथला रेकॉर्ड होईल. पेनानं लिहिलं, चुकलं तर खोडून सही करीन. तो आकडा बघून मला छान वाटलं.

१६ नोव्हेंबर

वादळ इकडं वळलं! नेकनूरपासून एसटी बंद, झाडं रस्त्यात आडवी, कालपासून लाइट नाही, दूध नाही. कुणाच्या ट्रॅक्टरवर, मग चालत आलो, आणि सगळा वेळ आनंदात होतो. ग्रुपवर मी हिरो.

चार दिवसांचं साठलेलं पाणी एकत्र मोजलं. २१.०. मग वहीतल्या पंधरा आणि सोळाची बेरीज केली, तीही २१.०. योगायोग असेल.

१७ नोव्हेंबर, सकाळ

६१.०.

बाटली ओतून दिली, आतून पुसली, नरसाळ्यावर ताट ठेवलं. पाच मिनिटांनी परत मोजलं. ६१.०.

रेडिओ म्हणतोय जोर ओसरला. पण वहीप्रमाणं आत्तापासून उद्या साडेआठपर्यंत तीनशे बारा पडायचाय.

दुपार

नव्वद. काकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, बांध किती सोसेल. म्हणाले, एका दिवसात तीनशे आला तर न्हाई सोसायचा.

वस्तीवर गेलो. सगळ्यांना म्हणालो, वरच्या शाळेत चला. मोबाइल दाखवला. छबुबाई म्हणाल्या, "पोरा, फोन कायबी म्हनतंय. त्रिंबकच्या वहीत काय हाय ते सांग. वही म्हनली तर आत्ता उठतो."

काका तिथंच बसले होते, माझ्याकडं बघत.

मी म्हणालो, वहीत अजून काही लिहिलेलं नाही.

वही माझ्या गादीखाली आहे.

संध्याकाळ

२०४. ब्लेडनं आकडा खरवडला. पानाला भोक पडलं. भोकातून खालचं पान दिसतंय, कोरं पाहिजे होतं. त्याच जागी माझं अक्षर. ३१२.०.

१८ नोव्हेंबर, सकाळी सहा वाजता

२७१. काका भिजत वर आले. काल एवढा पळत आलतास ते कशामुळं, त्यांनी विचारलं. मी गादी उचलली. त्यांनी तारखा वाचल्या. रागावले असते तर बरं झालं असतं. माझं पेन घेतलं, त्या भोकाशेजारी आकडा परत लिहिला, खाली स्वतःची सही केली. वही पोत्यात गुंडाळून वस्तीकडं गेले. एकतीस वर्षं न बघता एकसुद्धा आकडा —

७.४०

वस्ती उठली. वही बघून. काका दोरीनं एकेकाला वर — आठ मोजले. तीन खाली. काका परत उतरले. बांधावरून पाणी —

८.१०

३०९. नरसाळ्यावर ताट, ताटावर माझा हात. दुसऱ्यानं लिहितोय. आत टपटप चालूच.

छबुबाई हाका मारतायत, दोरीला अजून एक मानूस पायजे. मलाच. त्यांना वाटतंय आकडा काकांचा — खाली गेलो तर सांगावं लागेल कुणाचा —

हात काढला तर तीनशे बारा भरेल. नाही काढला तरी भरतंय. हे वाचणाऱ्यांनो, तुम्हाला काय वाटतं, मी इथंच धरून बसू, का खाली जाऊन —?