पान्यावरची लाल रेघ

बाबा,

काल पेणच्या घरामागच्या विहिरीवरच्या पंपाचा गंजलेला नट अखेर सुटला. तुम्हीच आवळलेला तो, तुम्ही जायच्या आदल्या वर्षी. दुरुस्तीवाला दोनदा येऊन हात टेकून गेला. "कापाया लागंल ताई," म्हणाला. मी म्हटलं, कापायची एवढी घाई नको. रोह्याशेजारच्या अष्टमी गावाहून, माझ्या घरून, सकाळी लवकर आले, नटावर रॉकेल सोडलं, ते दुपारपर्यंत मुरू दिलं आणि माळ्यावरून तुमचा पाना आणि तो हातभर पाइप काढला. रोह्याच्या कंपनीत पान्याला असा पाइप लावताना कोणी दिसलं तर मीच ओरडते. मेंटेनन्सच्या बाईचा तेवढा वचक आहे तिथं. घरी मात्र मी तुमचीच मुलगी.

तुमच्या दुकानात मिठागरांवरचे पंप यायचे. खाऱ्या पाण्यानं नट असे धरलेले की बोलायची सोय नाही. तुम्ही पाना लावता आणि आधी नट किंचित आवळता. गिऱ्हाईक हसतं, "अवो, सोडवायचाय तो!" तुम्ही मान वर न करता म्हणता, "आवळल्याबिगर सुटत नाय. गंज मोडाया पायजे." मग पान्याच्या दांड्यावर पाइप चढवायचा, पाय रोवायचे आणि सावकाश आपल्याकडं ओढायचं. हिसका द्यायचा नाही. विशीतच मला सगळं तोंडपाठ होतं, आणि शहाणपण तर उतू चाललेलं. त्या दिवशी घाईत मी पाइप चार बोटंच चढवला आणि सरळ त्यावर उभी राहिले. पाइप निसटला, मी पंपावर आपटले. तुम्ही गिऱ्हाइकांसमोर माझ्या हातावर फटका मारलात. आयुष्यातला एकच. "परत हात लावू नको पान्याला!" तो फटका माझ्या फार जिव्हारी लागला, बाबा. महिन्याभरात मी रोह्याला नोकरी धरली. सणावाराला घरी यायचे, जेवायचे, पण दुकानाची पायरी चढले नाही. तुम्हीही कधी विचारलं नाहीत.

काल दांड्यावरचा गंज पुसताना खालून एक लाल रेघ निघाली. आई ओट्यावर पावटे सोलत होती. तिला विचारलं.

"खूण हाय ती. पाइप तिथवर चढवायचा. तू पडलीस ना, त्याच सांजेला तुझ्या बापानं हमरापूरच्या मूर्तीवाल्याकडून रंग मागून आणलान. बोलला, पोर परत आली का दिसंल तिला."

मी पाइप रेघेपर्यंत चढवला. आधी आवळलं, मग ओढलं. नट कुरकुरला आणि सुटला. मला रडू आवरेना. आई पावटेच सोलत राहिली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं? पान्याबरोबर गुंडाळून माळ्यावर ठेवते. एवढंच सांगायचं राहिलंय. बाबांनी मला दुकानातून काढलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. तुम्ही काढलं नव्हतं. मीच आले नाही.