आधी नव्हतं

१२ ऑगस्ट
बीडला गेलो. ग्राहक मंचात डॉ.चा जबाब आलाय. वकील सा.नी वाचून दाखवला. लघवी गळण्याचा त्रास बाईंना ऑपरेशनच्या आधीपासूनच, बाळंतपणातला. आणि गर्भपिशवी काढा म्हणत नवरा-बायको स्वतःच आले होते.

दुसरं खरं आहे. आमच्या ऊसतोड टोळीतल्या बहुतेक बायकांनी काढलीय. फडात पाळी आली तर ना आडोसा ना पाणी, आणि खाडा पडला की मुकादम दोघांच्या नावावर धरतो. माजलगावचा डॉ. गाठ आहे म्हणाला, आम्ही मान डोलावली. दाखवा म्हणालो नाही.

पहिलं मात्र धडधडीत खोटं. घरी येऊन रुक्मिणला सांगितलं. भाकरी थापता थापता हात थांबला.
"मला आधी न्हवतं. तुमाला तर म्हाईत हाय ना?"
मला नाही तर कुणाला.

२० ऑगस्ट
रुक्मिण धुणं घेऊन सगळ्यांच्या आधी नदीवर जाते. आज शेजारीण भेटलीच. रोज एवढी पांघरुणं? पोरगी अजून अंथरुणात करती काय? ही हो म्हणाली. पोरगी सातवीला आहे. सांगताना हसली, मग चुलीकडे तोंड करून बसली ती बसलीच.

५ सप्टेंबर
ऑपरेशनात लघवीच्या पिशवीला भोक पडलं, त्याला संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात टाके घातले होते, ते टिकले नाहीत. पुन्हा बघू म्हणतात. वकील सा.ना डॉ.ची चूक लिहून देणारा दुसरा डॉ. हवाय. बीडमध्ये फिरलो. चहा पाजतात, हळहळतात, लिहून कुणी देत नाही. चीड येते नुसती.

२९ सप्टेंबर
मुकादम आला. "यंदा कोयता पुरा का अर्धा, ते बोल बे." नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा.
रुक्मिण आतून म्हणाली, "येते मी. फडात दवानं समदं वलंच असतंय, कुणाला कळतंय?"
हे ऐकून जेवण गेलं नाही.

१४ ऑक्टोबर
तारीख. रुक्मिण सकाळपासून भिंतीला टेकून उभी. बाकं रिकामी होती. कुठंच बसत नाही आता, एस.टी.त सुद्धा.

दुपारनंतर पुकारा झाला. समोरचा वकील मंचाच्या अध्यक्षबाईंना म्हणाला, "मॅडम, बाई सकाळपासून उभ्या आहेत. तब्येत ठणठणीत दिसते." मागं कुणीतरी हसलं. मी उठलो, आमच्या वकील सा.नी हात धरून बसवलं.

रुक्मिण पुढं गेली. "बसू का?"
मॅडम म्हणाल्या, बसा की. वकिलांची गादीची खुर्ची होती. बसली. मॅडमनी विचारलं, लेकरं किती, ऑपरेशन कधी. नीट सांगितलं. मग उठली आणि खुर्ची मॅडमकडे वळवली.
"हे मला आधी न्हवतं. एवढं लिवा."

समोरच्या वकिलानं फाईल जवळ ओढली. मॅडमनी हळू आवाजात काहीतरी लिहून घ्यायला सांगितलं, आम्हाला ऐकू आलं नाही. पुढची तारीख डिसेंबर.
रुक्मिण पदरानं खुर्ची पुसायला लागली. शिपाई म्हणाला, राहू द्या ताई. ऐकलं नाही. सगळ्यांसमोर पुसली. मला बघवेना, बाहेर आलो.

२२ ऑक्टोबर
रोज एकच. "त्या मॅडमनी काय लिवलं वो?" फोन केला. वकील सा. म्हणतात, नक्कल अजून मिळाली नाही.

५ नोव्हेंबर
मुकादमाकडून निरोप. डॉ. काहीतरी द्यायला तयार आहे, केस काढून घ्या. चूक मात्र कबूल करणार नाही. दोघं फडावर चला, विषय संपवा.
मला वाटलं, घ्यावं. थकलोय. तिच्याजवळ बोललो.
"मग त्येच्या कागदात आधीपासून हाय आसंच ऱ्हाईल?"
हो म्हणालो.
गोठ्यात गेली.

८ नोव्हेंबर
उद्या ट्रक येणार. मुकादमाला अजून हो-नाही काही सांगितलेलं नाही. रुक्मिणनं माझ्या आधीच बोचकं बांधून दारात ठेवलंय. उचललं तर हलकं लागलं. सोडून बघितलं, सगळे माझेच कपडे.