बिनविरोध

बुधवार संध्याकाळ, टूनगॅबी

अमेरिकेतल्या प्रायमरीचे, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचे, निकाल बघायला नवऱ्याचा मित्र मिलिंद आज दुपारी आमच्याकडे. वर्क फ्रॉम होम म्हणे! तिथली एक उमेदवार बाई सपाटून हरली, तरी माघार घेणार नाही म्हणाली. मिलिंदने टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात लोकशाही! शेवटपर्यंत लढायचं!" माझा नवरा मान डोलावत होता.

आणि रविवारी? याच सोफ्यावर बसून याच मिलिंदने मला इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाचा अर्ज मागे घ्यायला लावला. उभे मी आणि मिलिंद, दोघंच होतो. "वहिनी, आपल्याकडे आजवर मतदान झालेलं नाही. बिनविरोध झालं की शोभा राहते." शोभा! कोणाची? खिशातलं पेनसुद्धा त्यानेच काढून दिलं. नवरा तेव्हाही मान डोलावत होता.

मी का केली सही? गॅसवर चहा होता, घाईत केली, असं स्वतःला सांगतेय. खोटं आहे. चार लोकांत वाईट दिसेल म्हणून केली.

पेन तो इथेच विसरलाय. त्याच पेनाने हे लिहितेय.

त्या बाईला निदान कळलं तरी, आपण किती जणांना हव्या होतो. मला ते कधीच कळणार नाही.