काकांच्या जीपचा धूर

अण्णा, संध्याकाळी काम आटोपून धाराशिवच्या लॉजवर आले आणि तोंड धुवायचंही त्राण उरलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळं माझी नोकरी तुम्हाला ठाऊक नाही. शहरातल्या रस्त्यांवर फिरणाऱ्या डिझेलच्या जीपा, पिकअप, छोटे टेम्पो किती धूर सोडतात याचा अंदाज बांधायचा, हे माझं काम. सायलेन्सरला नळी लावायची, यंत्र मागच्या बाकावर ठेवायचं आणि ड्रायव्हरबरोबर फिरायचं. बंद शेडमध्ये नवी गाडी तपासली की आकडा बरा येतो. तीच गाडी जुनी झाली, गतिरोधकावर अडली, हात दाखवील त्या सवारीसाठी थांबत गेली, की काय ओकते ते रस्त्यावरच कळतं.

तुमचा दवाखाना आठवतो. सोलापूरचे डॉक्टर तुमच्या छातीचा फोटो उजेडाला धरून विचारतायत, "बिडी किती वर्षं ओढता?" तुम्ही म्हणता, "सुपारीचं खांड सुद्दा खाल्लं न्हाय, साहेब." डॉक्टर आईकडं बघतात, आई मान हलवते, तरी त्यांना पटत नाही. उमरग्याच्या नाक्यावर सवारी भरेपर्यंत इंजिन चालू ठेवून जीपमागं उभं राहण्यात तुमचं आयुष्य गेलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि आपल्यालाही सांगायचं सुचलं नाही. आज मी अख्ख्या रस्त्याचा हिशेब मांडते, पण एका माणसाच्या छातीत त्यातलं किती गेलं हे मला अजून सांगता येत नाही.

आज तपासणीला आलेली पहिलीच जीप तुमच्या दोस्ताची निघाली. नाक्यावर तुमच्या जीपमागं आपल्या जीपचा नंबर लावायचे ते काका. हल्ली ते इथंच गाडी चालवतात. "तू अण्णाची पोरगी न्हव?" म्हणाले आणि डोक्यावर हात ठेवला. आकडे वाईट आले तर जुन्या जीपा गावाबाहेर थांबवणार, ही बातमी सगळ्या ड्रायव्हरांत फिरलेली आहे. काकांची जीप मात्र धूरच सोडेना. मी यंत्र दोनदा बघितलं. मग शाळेजवळच्या चढावर जीपचा दमच गेला. सवाऱ्या उतरल्या. एक म्हातारी पिशवी सावरत म्हणाली, "ड्रायव्हर, भाडं आमी द्यायचं आन गाडी बी आमीच ढकलायची व्हय?" सगळे हसले. काका हसले नाहीत. तपासणीत धूर दिसू नये म्हणून मिस्त्रीकडून त्यांनी पंपातून इंजिनाला जाणारं डिझेल कमी करून आणलं होतं.

चढ संपल्यावर त्यांनी जीप कडेला घेतली, पाना काढला, बॉनेट उघडलं आणि पंप पुन्हा होता तसा केला. "घे आता मोजून," म्हणाले. परत त्याच चढावरून गेलो. मागं सगळं काळं. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या बाईनं लेकराच्या तोंडावर पदर धरला. काकांनी आरशात ते बघितलं, मीही बघितलं. आकडा मी जसा आला तसा नोंदवला. त्या जीपचे आता थोडेच दिवस राहिलेत, हे दोघांनाही कळलं होतं.

नंतर काकांनी चहा पाजला. दुसरी गाडी घ्यायची ऐपत नाही आणि पोराकडं पुण्याला जायचं मन नाही, असं सांगत होते. माझ्यावर चिडले असते तर बरं वाटलं असतं. कप खाली ठेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "अण्णा असता तर काय म्हणला असता गं?"

लॉजवर येईपर्यंत तेच डोक्यात होतं. कधी वाटलं तुम्ही रागावला असतात, कधी वाटलं गप्प राहिला असतात. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं? बॅगेत राहील. पण एक सांगते, आईलाही सांगितलेलं नाही. तुमचं उत्तर तुमच्याच आवाजात ऐकायला मी डोळे मिटून बसले, अण्णा, आणि तुमचा आवाज आलाच नाही. नाक्यावर चालू ठेवलेल्या तुमच्या जीपचा आला.