चष्म्याच्या डबीतली चिठ्ठी

प्रिय खुडबुडे,

सकाळचे साडेसात झालेत. दुकानाचं शटर कमरेएवढंच वर केलंय, उजेड आत यावा आणि गिऱ्हाईक येऊ नये म्हणून. तुझा बाप साडेनऊला येतो. अकरा वाजता त्याला एक फोन यायचाय आणि तो तुझ्याबद्दल आहे, म्हणून घाईत लिहितेय. अक्षराला नाव ठेवू नकोस, चौथीत शाळा सुटली तेव्हा एवढंच येत होतं.

तू नोकरीचा अर्ज केलास ना, त्या तुझ्या खुल्या, कुणालाही उघडून बघता येणाऱ्या सिस्टिमवर चालणारे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीत, तिथल्या बाईंचा काल फोन आला, तुझं आधीचं काम इथलंच ना, म्हणून. मीच उचलला. म्हणाल्या, कोणत्या मशीनला कोणता प्रोसेसर, कोणतं ग्राफिक्स कार्ड हे निवडायचंच काम आहे, तर पोरीच्या निवडीवर भरवसा ठेवावा का? मी तुझ्या बापाच्या हातात फोन दिला. तो म्हणाला, उद्या अकराला सांगतो. जेवताना विचारलं, काय सांगणार रे? तर म्हणे, झालं ते सांगणार, रुग्णालयाचं सगळं सांगणार, पोटच्या पोरीसाठी खोटं बोलायला मी बसलेलो नाही. खरं बोलायचं म्हटलं की त्याची मान बगळ्यासारखी ताठ होते, तुला माहीतच आहे. त्यानं तसं सांगितलं की तुझी नोकरी गेलीच म्हणून समज.

बाकी इथलं ठीक. तुझ्या बाकावर त्यानं प्रिंटरची खोकी रचलीत, पण तुझ्या स्क्रू ड्रायव्हरच्या डब्याला हात लावलेला नाही. परवा एक मास्तर जुनं मशीन घेऊन आले, खुली सिस्टिम घालून द्या म्हणाले. तुझा बाप म्हणाला, आम्ही ते काम सोडलं. मी त्यांना पायरीवर गाठलं आणि विचारलं, कार्ड वेगळं बसवलंय की प्रोसेसरच्याच पोटात आहे? पोटातलं असेल तर बिनधास्त घरी घाला. मास्तर माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतच राहिले.

तू सांगितलेलं सगळं डोक्यात आहे गं. प्रोसेसर अगदी परवा निघालेला घ्यायचा नाही, वर्षभर मुरलेला घ्यायचा, तोवर जगभरच्या लोकांनी त्याच्या खोडी शोधून मोडलेल्या असतात. तुझ्या आजोबांच्या वेळी ही सोय असती तर मी बरीच वाचले असते. आणि पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या त्या कार्डाचं तू असं सांगितलं होतंस की त्याला सिस्टिमशी बोलायला एक दुभाषा लागतो, तो ड्रायव्हर. काही कंपन्या त्याचं सगळं लिखाण उघडं ठेवतात. मग तो सिस्टिमच्या घरातच राहतो, ती बदलली की तोही बदलतो, आणि चुकला तर कुणीही त्याला सुधारतं. काही कंपन्या तो कुलूप घालून देतात, बाहेरून आणून बसवायचा. सिस्टिम पुढे गेली, तो मागे राहिला, की पडदा काळा. मी म्हटलं होतं, म्हणजे एक घरजावई आणि एक रुसका जावई. तेव्हा तू चहा सांडेपर्यंत हसली होतीस.

रुग्णालयाच्या एक्स-रे खोलीसाठी बारा मशीनांची यादी तू याच टेबलावर एका चिठ्ठीवर लिहिलीस. प्रोसेसर वर्षभर जुना, कार्ड साधं, एका पंख्याचं, उघड्या ड्रायव्हरचं. खाली दोन रेघा ओढून लिहिलंस, बदली चालणार नाही. दुसऱ्या दिवशी तुला ताप भरला आणि नऊ दिवस तू अंथरूण सोडलं नाहीस. मशीनं तुझ्या बापानं यादी न बघता, आला तो माल घालून जोडली, आणि कुणी उघडू नये म्हणून रुग्णालयानं पेट्यांना सील ठोकलं. तीन आठवडे सगळं सुरळीत. मग सिस्टिमनं आपली आपण नवी आवृत्ती घेतली आणि सकाळी बाराच्या बारा पडदे काळे. एक बाई मोडलेला हात मांडीवर धरून चार तास बसून राहिली, डॉक्टरांना तिचा एक्स-रे दिसेना.

तू एक पेटी उघडलीस आणि आलीस ती ओरडतच, हे कार्ड मी लिहिलंच नव्हतं, हे तर कुलूपवाल्या ड्रायव्हरचं! तुझा बाप म्हणाला, माल देणारा व्यापारी सांगतो, याच कार्डाला दुकानातून होकार आला, मग काय भुतानं दिला? आजी तर तू लिहिलेलंच वाचून सांगते. दाखव तुझी चिठ्ठी. तू सगळे खण उपसलेस, कचऱ्याची टोपलीसुद्धा उलटी केलीस. चिठ्ठी सापडली नाही. चार गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला, तुझ्या शहाणपणानं माझं नाक कापलं. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. मी चष्मा पुसत होते. संध्याकाळच्या बसनं तू गेलीस, त्याला आठ महिने झाले.

नऊ वाजून गेले. आता आडवळण पुरे.

चिठ्ठी माझ्या चष्म्याच्या डबीत होती, कापडाखाली. व्यापाऱ्याला ऑर्डर मीच सांगते, भाव पाडायला माझीच जीभ लागते. तो म्हणाला, आजी, ते कार्ड संपलंय, त्याच भावात तीन पंख्यांचं देतो, नंबरही मोठा. मला वाटलं, काय पण मारलाय सौदा! खालची ओळ म्हातारीला वाचता आली नसेल, अशी कीव करू नकोस. वाचली होती. मनात म्हटलं, कालची पोर मला बाजार शिकवते. आणि म्हटलं, दे. खोकी आली तेव्हा एक हातात तोलूनही पाहिलं, चांगलं जड होतं. तू खण उपसत होतीस तेव्हा डबी माझ्या मांडीवर होती. उघडायची हिंमत झाली नाही. जगाला बोल लावणारी मी, आणि आठ महिने रोज चष्मा ठेवताना ती चिठ्ठी बघून झाकण मिटत आले.

इंग्रजी पत्ता मला धड घालता येत नाही, माझ्या पाकिटांवर तो तुझा बापच घालतो. आज मी पाकीट चिकटवणार नाही. आत चिठ्ठी ठेवलीय. त्याच्या हातात देऊन म्हणेन, आधी वाच, मग पत्ता घाल. तोंडानं सांगायला गेले तर मी दोन वाक्यांत त्याचीच चूक काढून मोकळी होईन, माझी जीभ मला ठाऊक आहे. म्हणून लिहिलं. त्याला खरंच बोलायचंय ना, मग पुरतं खरं तरी बोलू दे. तू मला माफ कर, नाहीतर करू नकोस, ते तुझं तू बघ. शटर वाजलं. आज लवकर आलाय.

तुझीच,
तोंडाळ आजी

पत्ता घातला. अकराची वाट पाहिली नाही, मीच त्या बाईंना फोन करून खरं ते सांगितलं. आईला काय बोललो ते लिहीत नाही. तुला त्या दिवशी बोललो ते चुकलं. चिठ्ठी मी ठेवून घेतोय.
बाबा