फळ्याचा कोपरा

लगड गुरुजी,

नमस्कार लिहायला हात उठत नाही, म्हणून थेट लिहिते.

दरवर्षीच्या ऊसतोडीनं माझा अभ्यास मागं पडायचा. चौथीत मी बाकावरच्या शेजारणीला सारखं ‘कुठलं पान चाललंय?’ विचारायचे. तुम्ही फळ्याच्या कोपऱ्यात ‘गोंधळ घालणारे’ लिहून खाली माझं नाव टाकलंत आणि वर्गाला बजावलंत, “हे पुसायचं न्हाई.” गोंधळ झाला की नावापुढं फुली.

दिवाळीनंतर आम्ही देवळालीकडं तोडीला गेलो. गुढीपाडव्याला परतले, तर माझ्या नावापुढं आठ फुल्या वाढलेल्या. “मी हितं नव्हतेच गुरुजी,” म्हणाले. तुम्ही हसलात. “राहू दे. पुढच्या गोंधळात वळत्या करू.”

उद्या तुमच्या निवृत्तीचा सत्कार. आता शाळा समितीची अध्यक्ष मी, त्यामुळं फळा सजवायचं काम मागून घेतलं. मधोमध रंगीत खडूनं तुमचं नाव काढलंय. कोपऱ्यातही काढलंय, ‘गोंधळ घालणारे’च्या खाली, आठ फुल्यांसकट.

हे पत्र पाठवत नाही, नाहीतर लवकर येऊन पुसाल. तसंही वर्गाची किल्ली माझ्याकडं आहे आणि डस्टर माझ्या पिशवीत.

तुमची गैरहजर विद्यार्थिनी,
मनकर्णा